दर खरिपात मोबाइल आन डोकं दोन्ही फुल्ल: काय करायचं

प्रॉब्लेम तोच आहे, दरवर्षी मे संपला की सुरू होते. दिवसाचा दीड जीबी दुपारच्या आतच संपते, स्टोरेज फुल्लचा मेसेज येते, फोटो निघत नाही, आन इकडे डोक्यात पाच जणांचे पाच सल्ले. एक व्हिडिओ म्हणते पेरा, दुसरा म्हणते थांबा, कोणी म्हणते पावसाचा मोठा खंड आहे, कोणी म्हणते ढगफुटी होणार, आन आपण बियाण्याच्या थैल्या घरात ठेवून पानठेल्यावर बसून बोटानं स्क्रीन खालीवर करून राहिलो. मग घरचं एखादं पोरगं सगळं डिलीट मारून देते, चार दिवस हलकं वाटते, पोळ्यापर्यंत पुन्हा तेच. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रसच्या पट्ट्यात तर हे एवढं झालं की लोक याले मोबाइलची बिमारी समजतात आन नवीन हँडसेट घेतात. त्यानं काही होत नाही राजेहो, १२८ जीबीवाला पण भरतेच, फक्त जरा उशिरा भरते.

कारण साधं आहे. वावरातला कुंदा, म्हणजे शेतातलं ते चिवट तण, वरून कापला तर पहिल्या पावसात पुन्हा हिरवा होते, मुळ्या खाली तशाच असतात. डिलीट मारणं म्हणजे वरून कापणं. मेसेज जिथून येतात ते ग्रुप, ते चॅनल, ते ऑटो-डाउनलोड, ते जसंच्या तसं चालू असते.

आता एक गोष्ट आधी ठरवून घ्या, बाकी सगळं तिच्यावरच आहे. मोबाइलमधे काही आलं की इचारायचं, हे वाचून मले आत्ता उठून काही करावं लागते का? वीज पडणार असेल तर उठावं लागते. मजूर उद्या येत नाही हे कळलं तर दुसरे पाहावे लागतात. बाकी जे आहे, म्हणजे भाव, अळी, योजना, खत, राजकारण, ते आपल्याले गरज पडंल तेव्हा आपण जाऊन पाहायचं, त्यानं आपल्याकडं यायचं काम नाही. पूर्वी रेडिओवर हवामान ठरलेल्या टायमाले लागायचं, ऐकलं की बंद. आता माहिती चोवीस तास दारात उभी असते आन आपणच दार उघडं ठेवलं आहे.

पहिले पाहा नेमकं काय भरलं

व्हॉट्सॲप उघडा, सेटिंग्जमधे स्टोरेज आणि डेटा, त्यात मॅनेज स्टोरेज. तिथं दोन कप्पे दिसतील, एक ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइलींचा आन दुसरा अनेकदा फॉरवर्ड झालेल्यांचा. हा दुसरा उघडून पाहाच, हसू येईल, एकच आंब्याच्या पेटीचा व्हिडिओ सहा ग्रुपांतून सहा वेळा येऊन बसला असते. तो कप्पा सरसकट साफ केला तरी कोणाचं काही बिघडत नाही. खाली कोणत्या ग्रुपनं किती जागा खाल्ली त्याची यादी असते, त्यातले वरचे चार-पाच तुमचे खरे गुन्हेगार.

मग त्याच स्टोरेज आणि डेटामधे मीडिया ऑटो-डाउनलोड आहे, तिथं मोबाइल डेटा, वायफाय आन रोमिंग, तिन्हीकडच्या सगळ्या टिका काढून टाका. यानंतर फोटो-व्हिडिओ फक्त धूसर दिसते, बोट लावलं तरच उतरते. दीड जीबी दुपारी संपणाऱ्यांचा अर्धा प्रॉब्लेम इथंच मिटते, कारण पाहायच्या आधीच सगळं उतरून राहिलं होतं. गॅलरीत लग्नाच्या फोटोंमधे देवाचे आन नेत्याचे फोटो घुसतात त्यासाठी चॅट्सच्या सेटिंगमधे मीडिया व्हिजिबिलिटी बंद करायची.

ग्रुप सोडता येत नाही त्याचं काय

शहरातले लोक सांगतात ग्रुप सोडा. सांगायले काय जाते! गावात भावकीचा ग्रुप सोडला तर पुढच्या लग्नात विषय निघते. साधा हिशोब लावा, भावकी, गाव, सोसायटी, शाळेचा पालकांचा, बचत गट, दिंडी, दहावीची बॅच, दोन पक्षांचे चार, आन प्रत्येक कृषी केंद्रवाल्याचा एकेक. यातले निम्मे तर आपल्याले न इचारता ॲड केलेले.

२०२२ पासून ग्रुप सोडला तर सगळ्यांले मोठी ओळ दिसत नाही, फक्त ॲडमिनले कळते. पण आमच्याकडं ॲडमिन म्हणजेच मोठे काका, त्यांच्यापासूनच तर लपवायचं असते, आन तसंही सोडून गेलेल्यांची यादी ग्रुपच्या माहितीत ६० दिवस दिसते. तर सोडायच्या भानगडीत पडू नका. ग्रुपवर बोट दाबून धरा, म्यूट करा, तिथं ८ तास, १ आठवडा आन नेहमी असं येते, नेहमी घ्या. मग अर्काइव्ह करा. आन चॅट्सच्या सेटिंगमधे अर्काइव्ह केलेले चॅट तसेच ठेवायचा पर्याय चालू आहे का ते पाहा, नाहीतर नवीन मेसेज आला की ग्रुप पुन्हा वर येऊन बसते, आन लोक म्हणतात अर्काइव्हनं काही होत नाही भाऊ. तुमचं नाव घेऊन कोणी मेसेज टाकला किंवा तुमच्या मेसेजले उत्तर दिलं तर ते तरी कळते, म्हणजे काकांनी आवाज दिला तर ऐकू येणारच.

वर काय ठेवायचं? घरचा ग्रुप, मजुरांचा किंवा ठेकेदाराचा, दुधाचा असेल तर तो, आन ज्या ग्रुपवर लाइनमन लाइट कधी येणार ते टाकते तो. बस. बाकी सगळं अर्काइव्हमधे, संध्याकाळी जेवण झाल्यावर एकदा उघडून पाहायचं. मयत किंवा दवाखान्याची बातमी असेल तर फोन येतेच, मयतीची बातमी फक्त ग्रुपवर टाकली म्हणून कोणाची चुकली असं गावात होत नाही.

नवीन ग्रुपात कोणी घालू नये म्हणून प्रायव्हसीमधे ग्रुप्स, तिथं माय कॉन्टॅक्ट्स करा. अनोळखी नंबरवाला मग डायरेक्ट ॲड करू शकत नाही, इन्व्हाइट पाठवावं लागते. निवडणुकीच्या आधी हे करून ठेवलेलं बरं.

तुम्ही स्वतः ॲडमिन असाल तर तुमच्या हातात जास्त आहे. गावाच्या ग्रुपमधे फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील अशी सेटिंग असते. दोन ग्रुप करा, एक सूचनांचा, त्यात फक्त ग्रामसेवक, सरपंच, लाइनमन, आशाताई, पशुवैद्यकीय दवाखाना, आन दुसरा गप्पांचा, त्यात गुड मॉर्निंग, वाढदिवस, चारोळ्या, भांडणं, सगळं. पहिला लोक चालू ठेवतील, दुसरा म्यूट. हे करताना थोडी नाराजी येते, ज्यांना रोज सकाळी गुलाबाचं फूल पाठवायची सवय आहे ते म्हणतात आमचं तोंड बंद केलं. येऊ द्या नाराजी, आठ दिवसांत ते दुसऱ्या ग्रुपात रमतात.

पेरू का थांबू

जूनमधला सगळ्यात मोठा गोंधळ. इथं माहिती जास्त आहे म्हणून तरास नाही, प्रश्न चुकीचा आहे म्हणून तरास आहे. आपण पाहून राहिलो की पाऊस कधी येणार, आन त्याचं उत्तर दहा चॅनल दहा तऱ्हेनं देतात. पेरणीचा प्रश्न तो नाहीच. कृषी विभाग आन कृषी विद्यापीठ वर्षानुवर्षं एकच सांगून राहिले, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून जमिनीत चांगली ओल झाल्याशिवाय पेरू नका. म्हणजे पडणारा पाऊस नाही, पडलेला पाऊस मोजायचा. तुमच्या महसूल मंडळात किती पडला ते तलाठी किंवा कृषी सहायक सांगते, आन वावरात ओल कुठवर गेली ते विळ्यानं उकरून दिसते. हा एक आकडा पकडला की पुढच्या महिन्याचं भविष्य सांगणारे व्हिडिओ पाहायचं कारणच राहत नाही.

अंदाज पाहायचाच असेल तर एकच जागा ठरवा. विदर्भातल्या अकराही जिल्ह्यांचा अंदाज हवामान विभागाचं नागपूरचं प्रादेशिक केंद्र देते, तोच मौसम ॲपवर येते. त्यातले रंग समजून घ्या, हिरवा म्हणजे काही करायचं नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. यलो अलर्ट आला की ग्रुपवर "विदर्भात हाहाकार" लिहून येते, त्यानं घाबरू नका. आन मुसळधार म्हणजे त्यांच्या भाषेत २४ तासात ६४.५ मिलिमीटरच्या वर, आपण ज्याले बरा पाऊस म्हणतो तो नाही. मेघदूत ॲपवर जिल्ह्याचा कृषी सल्ला मंगळवारी आन शुक्रवारी येते, म्हणजे कृषी सल्ल्यासाठी आठवड्यातून दोनदा पाहिलं तरी पुरते.

आपण जाऊन पाहायचं, या नियमाले एकच अपवाद, दामिनी ॲप. ते विजेचा इशारा देते, त्याचं नोटिफिकेशन चालूच ठेवा, लोकेशन पण चालू ठेवा. वावरात निंदण चालू आहे आन आभाळ भरून आलं तर तो मेसेज "आत्ता उठा" वाला आहे.

बोंडअळी आन फवारणीचे व्हिडिओ

यूट्यूबचं काम कसं चालते ते समजून घेतलं तर राग कमी होते. तुम्ही एक बोंडअळीचा व्हिडिओ पुरा पाहिला की त्याले वाटते तुम्हाले हेच पाहिजे, मग तसेच पंचवीस समोर येतात, आन जो जास्त भीती दाखवते तो जास्त पाहिला जाते म्हणून तोच वर येते. आपल्या वावरात अळी असो की नसो, मोबाइलमधे मात्र गावभर अळी होते. बरं, त्यातले निम्मे व्हिडिओ गुजरात, तेलंगणातले किंवा दोन-तीन वर्षांपूर्वीचे. व्हिडिओच्या नावाखाली तारीख असते, ती पहिले वाचायची, मग आवाज ऐकायचा. आन खाली औषधाचं नाव आन फोन नंबर दिला असेल तर तो सल्ला नाही, दुकान आहे.

करायचं काय? पाहण्याचा इतिहास पुसा आन पॉज करा. २०२३ पासून असं आहे की इतिहास बंद आन पुसलेला असला तर यूट्यूबचं पहिलं पान जवळपास कोरं येते, कशाची शिफारसच नाही. मग जे पाहिजे ते स्वतः लिहून किंवा बोलून शोधावं लागते. पहिले चुकल्यासारखं वाटते, मग लय बरं वाटते. इतिहास बंद करायचा नसेल तर भडक चॅनलच्या तीन टिंबांवर दाबून या चॅनलची शिफारस करू नका निवडा, आन ऑटोप्ले बंद करा. पोरांच्या हातात तोच मोबाइल असते, त्यांचे कार्टून पण तुमच्याच इतिहासात जातात, हे पण ध्यानात ठेवा.

अळीचा फैसला मात्र मोबाइलवर होतच नाही. एकरी दोन कामगंध सापळे, म्हणजे वासानं पतंग ओढणारे सापळे, लावा, सलग तीन रात्री एका सापळ्यात रोज आठ किंवा जास्त पतंग सापडले तर फवारणीची पातळी आली. पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, डोमकळ्या (अळीमुळं न उमललेली फुलं) दिसतात का पाहा. आन वीस झाडांची वीस हिरवी बोंडं तोडून फोडा, दोन किंवा जास्त बोंडात अळी किंवा तिचं नुकसान दिसलं म्हणजे दहा टक्के झालं, तीच मर्यादा. यात जेवढा टाइम जाते तेवढ्यात दोन व्हिडिओ होतात, पण या उत्तरात तुमचं वावर आहे, व्हिडिओत दुसऱ्याचं आहे.

आन एक सांगून ठेवतो, जरा कडक वाटंल. एका पंपात चार औषधं मिसळायचे जे "जबरदस्त रिझल्ट" वाले व्हिडिओ फिरतात ते फॉरवर्डसुद्धा करू नका. २०१७ मधे यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसपेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. त्या सालचं कारण एकच नव्हतं, पऱ्हाटी डोक्याइतकी वाढली होती, दमट हवा होती, तोंडाले फडकं नव्हतं, पण औषधांची खिचडी पण त्यात होती. डोस इचारायचा तर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची शिफारस इचारा, कपाशीचं नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचं आहे, जवळचं कृषी विज्ञान केंद्र आहे, नाहीतर किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१, सकाळी ६ ते रात्री १०, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. माणूस उलट प्रश्न इचारते, पीक किती दिवसांचं, जमीन कशी, शेवटची फवारणी कधी. व्हिडिओ काही इचारत नाही, त्याच्यात हीच तर खोट आहे.

भाव

भावाच्या मेसेजमधे नेहमी सगळ्यात मोठा आकडा असते. बाजार समिती दिवसाचे तीन भाव लिहिते, कमीत कमी, जास्तीत जास्त आन सर्वसाधारण, आन थंबनेलवर येते जास्तीत जास्त, जो त्या दिवशी एखाद्याच गाडीले भेटला असते. तुम्ही सर्वसाधारण पाहा. राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजारवार तिन्ही आकडे आन आवक रोज असते. माल विकायच्या आठवड्यात पाहा, बाकी महिने पाहून काय करता? घरात माल नसताना भाव पाहणं म्हणजे नुसता जीव जाळणं.

२०२२ च्या सुरुवातीले कापूस दहा हजाराच्या वर गेला होता, तेव्हाचे व्हिडिओ आजही "कापूस सुसाट" म्हणून फिरतात, आन त्याच्या पुढच्या हंगामात त्या भावाची वाट पाहून कित्येकांनी घरात गंजी लावून ठेवली. त्या-त्या सालचा हमीभाव तरी पाठ पाहिजे, २०२५-२६ साठी मध्यम धाग्याचा ७७१० आन लांब धाग्याचा ८११० रुपये क्विंटल होता, सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावर ओलावा १२ टक्क्याच्या वर असला की माल परत, ८ च्या वर असला की पैसे कटतात. त्याच हंगामापासून विक्रीसाठी कपास किसान ॲपवर नोंदणी आली. हे दोन-तीन आकडे कागदावर लिहून दिवाळीच्या कॅलेंडरमागे लावून ठेवले तरी अर्धे मेसेज उघडायची गरज पडत नाही.

योजना, आरोग्य, भरती

योजनांचा नियम एकच, तारीख पाहा. एक रुपयात पीक विमा २०२३ च्या खरिपात सुरू झाला आन २०२५ च्या खरिपापासून बंद झाला, आता खरिपाले २ टक्के, रब्बीले दीड टक्का आन कापसासारख्या नगदी पिकाले ५ टक्के हप्ता आहे. पण "एक रुपयात विमा, आजच भरा" अजून फिरून राहिलं. मेसेजवर दुहेरी बाण असला म्हणजे तो पाच किंवा जास्त हातांतून आलेला, मूळ कोणाचं ते सांगणाऱ्यालाही माहीत नसते. आन पीएम किसानच्या नावानं एपीके, म्हणजे ॲप बसवायची, फाइल आली तर बोट लावू नका, सरकार व्हॉट्सॲपवर ॲप पाठवत नाही. लावलंच आन पैसे गेले तर रडत बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनले, १९३० ले, फोन लावा, जेवढा लवकर तेवढं चांगलं.

तब्येतीचे मेसेज, कारल्याचा रस आन मेथीचं पाणी, घरातल्या म्हाताऱ्या माणसांपर्यंत पोचते. बीपी-शुगरची गोळी त्याच्या भरवशावर बंद होऊ देऊ नका, उपकेंद्रात इचारा.

भरतीची तयारी करणाऱ्या पोरांचं दुखणं टेलिग्रामवर आहे. तीस चॅनल, हजारो पीडीएफ, उघडलेल्या किती ते इचारू नये. प्रत्येक विषयाले एक पुस्तक, लोकसेवा आयोगाचे मागचे पेपर, आन जाहिरातीसाठी आयोगाचं किंवा पोलीस विभागाचं संकेतस्थळ, एवढं ठेवून बाकी चॅनल सोडायले तिथं कोणते काका आडवे येत नाहीत. टेलिग्रामच्या डेटा आणि स्टोरेजमधे पण ऑटो-डाउनलोड आहे, ते पण बंद करा, स्टोरेजमधे जाऊन कॅश साफ करा, पाच-सात जीबी सहज निघते.

सगळं केलं तरी पुन्हा भरलं तर

बहुतेक वेळा खालचं काहीतरी सापडते. मोबाइल बदलला किंवा व्हॉट्सॲप काढून पुन्हा टाकलं की ऑटो-डाउनलोड पुन्हा पहिल्यासारखं चालू होते, ते कोणी तपासत नाही. ड्युअल सिमवाल्यांकडं दुसरं व्हॉट्सॲप असते, त्याची सेटिंग वेगळी करावी लागते. घरच्यांनी तुमच्या मोबाइलमधे शॉपिंगचं आन बातम्यांचं ॲप टाकलेलं असते, त्याच्या नोटिफिकेशनवर बोट दाबून धरलं की तिथंच बंद करता येते. बातम्यांची ॲप तर दोन ठेवूच नका, एकच बातमी दोन्हीकडून वाजते. रात्री हात आपोआप जात असेल तर डिजिटल वेलबीइंगमधे ॲपले दिवसाचा टाइम लावता येते, टाइम संपला की ॲप बंद, रात्री बाराले पुन्हा चालू. हे आपणच काढू पण शकतो म्हणून लय भरवसा ठेवू नका, चार्जिंग ओसरीत लावून झोपलं तर ते जास्त काम करते.

आन खरीप सुरू व्हायच्या आधी, मृगाच्या तोंडावर, अर्काइव्हमधले ग्रुप एकदा पाहून घ्या. मागच्या हंगामात लागलेले बियाणेवाल्यांचे ग्रुप नावं बदलून तसेच बसलेले असतात, त्यातून मात्र बिनधास्त निघा, तिथं भावकी नसते.